आधी पुरतं बिघडू द्या

आपल्याकडे आजाराला मान हवा असेल तर त्याने आधी मोठं व्हावं लागतं. शरीराच्या बाबतीत अलीकडे थोडी सुधारणा आहे. साखर 'बॉर्डरला' आली की काका चहा फिका करतात, मेथीचं पाणी पितात, पहाटे बागेत जाऊन टाळ्या वाजवतात आणि भेटेल त्याला आपला रिपोर्ट तोंडपाठ म्हणून दाखवतात. मनाच्या बाबतीत मात्र बॉर्डर ही भानगडच आम्हाला मंजूर नाही. मन एक तर ठणठणीत असतं, नाही तर पार कामातून गेलेलं असतं. मधल्या काळात त्याचं काय करायचं, याचं उत्तर घरोघरी ठरलेलं आहे: बारावी होऊ दे, मग बघू.

समजा, सोळा वर्षांचा एक मुलगा आहे. अकरावी सायन्स, इंटिग्रेटेड कॉलेज. म्हणजे कॉलेज कागदावर आणि क्लास डोक्यावर. दिवाळीपासून तो बदललाय. रात्री तीनपर्यंत जागा असतो. मित्रांचे फोन घेत नाही. आंघोळ टाळतो. क्लासच्या ग्रुपवरची पोरं आडून आडून आपल्याबद्दलच बोलतात, असं त्याला वाटतं. पंख्याच्या घरघरीत कधीकधी कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखं होतं. खात्री नाही. खात्री नाही म्हणूनच तो घाबरलेला आहे. एके दिवशी धीर करून तो हे घरात सांगतो.

घरात लगेच तज्ज्ञ समिती बसते. बाबा म्हणतात, आधी तो मोबाइल काढून घ्या. आजी मीठमोहरी ओवाळून टाकते. काका म्हणतात, जिम लाव. आत्या फोनवरून कळवते की त्यांच्या शेजारच्या मुलाचंही असंच होतं, लग्न केल्यावर सुटला. क्लासचे सर म्हणतात, टॉपर बॅचमध्ये हे चालायचंच, फक्त टेस्ट सिरीज चुकवू नका. मोठी बहीण 'पॉझिटिव्ह राहा' असं लिहिलेला सूर्योदय पाठवते. एवढ्या सगळ्या ठरावांत एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: "तुला नक्की काय ऐकू येतं रे?"

महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, साखळदंडाने बांधणं हा गुन्हा आहे. "काही होत नाही, मनाचे खेळ आहेत सगळे" असं म्हणून पोराला अभ्यासाला बसवणं हा गुन्हा नाही. त्यामुळे ते सुशिक्षित घरांत राजरोस चालतं.

मग बारावी होते. कधीकधी बारावीच्या आधीच व्हायचं ते होतं. पंख्यातली हाक आता दिवसरात्र हुकूम सोडू लागते. ग्रुपवरची पोरं कट करतायत याबद्दल आता त्याला तिळमात्र शंका नसते. शेजारी दारात जमतात, मुलाला गाडीत घालून नेतात, इंजेक्शन देतात. आणि सगळा गोतावळा एकाच सुरात विचारतो, "एकदम कसं हो झालं?"

एकदम काही झालेलं नसतं. दीड वर्ष होत होतं. समितीची बैठक चालू होती.

हे 'एकदम' बहुतेकदा एकदम नसतं, याची दखल मेलबर्नमध्ये नीट घेतली गेली. पॅट मॅकगोरी आणि ॲलिसन युंग या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तिथे 'पेस' नावाचं क्लिनिक उघडलं. सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, अजून झालेलं नाही पण होईल अशी चिन्हं आहेत, अशा कोवळ्या वयाच्या मुलांसाठी. कुणाला घ्यायचं याचे तीन निकष त्यांनी ठरवले. लक्षणं आहेत पण सौम्य आहेत. किंवा लक्षणं चांगली जोरात आली, पण आठवडाभराच्या आत आपोआप गेली. किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार आहे आणि मुलाचं रोजचं वागणं-वावरणं अलीकडे घसरलं आहे. एवढ्यावर दार उघडं. आपल्याकडच्या हिशेबाने ही सगळी मुलं 'धडधाकट, फक्त आळशी' या सदरात बसली असती.

आता इथे उलट्या टोकाचे उत्साही लोक जागे होतात. धोका आहे ना, मग द्या गोळी! पण थांबा. २०१२ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा मुलांपैकी तीन वर्षांत सायकोसिस झालेल्यांचं प्रमाण ३६ टक्के निघालं. नंतरच्या मोजणीत ते पंचवीसच्या आसपास आलं. म्हणजे शंभरातल्या साठ-सत्तरांहून अधिक मुलांना जो आजार होणारच नाही, त्याची गोळी त्यांच्या घशाखाली उतरवायची. वर वजन वाढणार, सुस्ती येणार आणि कपाळावर शिक्का बसणार तो वेगळाच. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपली निदानाची जाडजूड पोथी नव्याने छापली, तेव्हा या 'होऊ घातलेल्या' अवस्थेला अधिकृत आजार म्हणायचं की नाही यावर बरीच हातघाई झाली. शेवटी तिला मागच्या बाकावर बसवलं: 'अधिक अभ्यास हवा' या विभागात. पहिल्या बाकावर बसली असती तर औषध कंपन्यांनी तिला वह्यापुस्तकांसकट दत्तक घेतलं असतं.

गोळी देऊन पाहिली नाही असं नाही. मेलबर्नमध्येच ५९ जणांवर प्रयोग झाला, तो २००२ साली छापून आला. एका गटाला कमी मात्रेचं औषध आणि टॉक थेरपी, दुसऱ्या गटाला नेहमीची मदत. सहा महिने पहिला गट बराच पुढे होता. उपचार थांबल्यावर पुढच्या सहा महिन्यांत ती आघाडी विरघळली.

मग आलं माशाचं तेल. व्हिएन्नात ८१ तरुणांवर प्रयोग झाला. बारा आठवडे तेलाच्या कॅप्सूल. २०१० सालचा निकाल असा की वर्षभरात तेलवाल्यांत ५ टक्के आजारी पडले आणि बिनतेलवाल्यांत २७ टक्क्यांच्या वर. बांगडा-तारली खाणाऱ्या अख्ख्या किनारपट्टीने मिशीला पीळ द्यावा अशी ही बातमी. पुढे अनेक देशांत मिळून ३०४ जणांवर तोच प्रयोग पुन्हा केला, त्याचा निकाल २०१७ साली आला. फरक शून्य. तेव्हा बांगडा खा, पण चवीसाठी खा. मजा पुढे आहे. या दुसऱ्या प्रयोगात दोन्ही गटांना कॅप्सूलसोबत बोलण्याचे उपचारही दिले होते आणि दोन्ही गटांत आजार दहा-अकरा टक्क्यांवरच राहिला. तेल हरलं. कोण जिंकलं, हे विचारायला कुणी बातमीदार गेला नाही, कारण बोलण्याची कॅप्सूल निघत नाही.

याहून गमतीची गोष्ट इंग्लंडची. मँचेस्टरच्या टोनी मॉरिसन यांनी गोळी बाजूला ठेवून नुसती थेरपी देऊन पाहायचं ठरवलं. २००४ सालच्या ५८ जणांच्या प्रयोगात निकाल छान आला. उत्साहाने मोठा प्रयोग केला: चौदा ते पस्तीस वयाचे २८८ जण. अर्ध्यांना थेरपी आणि नियमित विचारपूस, उरलेल्यांना नुसती नियमित विचारपूस. म्हणजे ठरलेल्या दिवशी कुणीतरी प्रशिक्षित माणूस भेटणार, कसं चाललंय, काय ऐकू येतं, झोप लागते का हे शांतपणे विचारणार आणि गरज पडली तर पुढे पाठवणार. निकाल २०१२ साली आला. २८८ पैकी आजारी पडले फक्त २३, दोन्ही गट मिळून. संशोधकांनी धरलेल्या अंदाजापेक्षा खूपच कमी. थेरपीवाल्यांची लक्षणं जास्त सौम्य झाली, पण आजार टाळण्यात दोन्ही गटांत नजरेत भरेल असा फरक दिसेना. मुलं आजारी पडली नाहीत म्हणून प्रयोग पडला!

आकडेवाले सांगतील, या मुलांना मुळात धोकाच कमी असेल. असेलही. पण या स्तंभाला संशयाचा फायदा विचारपूस नावाच्या गरीब बाईला द्यावासा वाटतो. तिच्या बाजूने वकील नाही, कंपनी नाही, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह नाही. ठरलेल्या दिवशी येऊन "कसा आहेस?" विचारणारा आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबणारा माणूस, एवढीच तिची सामग्री.

नेदरलँड्समध्ये २०१ जणांवर झालेल्या प्रयोगात मात्र थेरपीने बाजी मारली. दीड वर्षात थेरपीच्या गटात १० जणांना सायकोसिस झाला, नेहमीच्याच उपचारांच्या गटात २२ जणांना. सगळा पुरावा एकत्र चाळणारे काटेकोर लोक अजूनही म्हणतात की तो कच्चा आहे, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. तरीही ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी निर्णय घेऊन टाकला: धोक्यात असलेल्या मुलाला टॉक थेरपी द्या, जमेल तर कुटुंबालाही सोबत घ्या, आजार टळावा म्हणून सायकोसिसवरची औषधं देऊ नका. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. आधी काहीच नाही, मग एकदम औषध, आणि बोलणं कधीच नाही.

आता हे बोलणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण बोलण्यात आपण जगाला हार जाणार नाही अशी आपली ठाम समजूत आहे. पोराला समोर बसवून पाऊण तास "आम्ही तुझ्या वयाचे होतो तेव्हा" ऐकवणं म्हणजे टॉक थेरपी नव्हे. तिथे बोलायचं मुलाने असतं. हाच मुद्दा आपल्याला अवघड जातो.

थेरपिस्ट सुरुवात करतो ती बहुधा एका माहितीने. नसलेला आवाज ऐकू येणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले, तेव्हा नऊ ते बारा वयाच्या १७ टक्के आणि तेरा ते अठरा वयाच्या साडेसात टक्के मुलांनी असे काही ना काही अनुभव सांगितले होते. बहुतेकांचं ते आपोआप मागे पडतं. एवढं ऐकूनच पोराचा जीव निम्मा भांड्यात पडतो. घरच्यांनी त्याला 'तू एकटाच असा' हे न बोलता सांगितलेलं असतं.

मग "बसमधले सगळे माझ्याकडेच बघतात" हे वाक्य घेतलं जातं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही, मान डोलावून खरंही म्हणत नाही. ते तपासायचं असतं. बसमध्ये किती जण होते? त्यातले किती मोबाइलमध्ये डोकं घालून होते? भर उन्हात हूड ओढून, मान खाली घालून बसलास, तर दोघंचौघं बघणार की नाही? पुढच्या मंगळवारी हूड काढून बस आणि मोजून ये. असं आठवड्यामागून आठवडा चालतं. सोबत झोपेची घडी बसवायची. गांजा ओढत असेल तर त्याबद्दलही बोलायचं, कीर्तन न करता. कारण रोज गांजा ओढण्याचा आणि सायकोसिसचा संबंध युरोपातल्या मोठ्या अभ्यासांत स्पष्ट दिसला आहे.

यातला एक धडा तर सगळ्या देशाला द्यावा असा आहे. मानसशास्त्रज्ञांची एक जुनी चाचणी आहे. दोन बरण्या. एकीत ८५ मणी एका रंगाचे, १५ दुसऱ्या रंगाचे. दुसरीत बरोबर उलटं. एकेक मणी काढून दाखवतात आणि विचारतात, हे कुठल्या बरणीतले? पुरेशी खात्री होईपर्यंत हवे तेवढे मणी मागायची मुभा असते. १९८८ साली लंडनच्या संशोधकांना दिसलं की भ्रम असलेली माणसं पुष्कळदा एक-दोन मण्यांवरच निकाल देऊन मोकळी होतात. म्हणून थेरपीत मुलांना शिकवतात: थांब, अजून एक मणी माग.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही चाचणी घेऊन पाहा. बरणी यायच्या आधीच निकाल लागलेला असेल, वर 'फॉरवर्ड करा' असं लिहिलेलं असेल. टीव्हीवरच्या रात्री नऊच्या चर्चेत तर मणी मागणाऱ्यालाच देशद्रोही ठरवतील. सोळा वर्षांचं पोर दोन मण्यांवर निष्कर्ष काढतं तेव्हा ते लक्षण. आपण एकही मणी न बघता काढतो तेव्हा ती परखड मतं.

आणि घरचे? अमेरिका-कॅनडातल्या एका प्रयोगात धोक्यात असलेल्या १२९ मुलामुलींच्या कुटुंबांनाच वर्गात बसवलं. काही घरांना सहा महिन्यांत अठरा बैठका, बाकीच्यांना तीन. शिकवलं काय? मुलाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐकणं. चांगलं केलेलं बोलून दाखवणं. टोमणा न मारता बदल मागणं. अडचण एकत्र बसून सोडवणं. २०१४ साली छापलेला निकाल असा की अठरा बैठकावाल्या घरांतल्या मुलांची लक्षणं जास्त ओसरली. टोमणा न मारता बदल मागणं! आपल्याकडे या विषयाला अठरा बैठका कशा पुरणार? अठरा पिढ्यांचा अनुशेष आहे.

लगेच कुणीतरी म्हणेल, ही पश्चिमेची थेरं, आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे. गंमत म्हणजे यालाही आधार आहे. लंडन आणि चंडीगडमधल्या सायकोसिसच्या रुग्णांच्या घरांची तुलना करणारे अभ्यास १९८७ साली छापून आले. त्यांत चंडीगडच्या नातेवाइकांनी रुग्णावर लंडनकरांपेक्षा कमी टीका केली होती, आणि जिथे टीका व वैर कमी तिथे आजार उलटण्याचं प्रमाणही कमी होतं. तेव्हा कौतुक हक्काने घ्या. फक्त ते चाळीस वर्षांपूर्वीच्या चंडीगडचं आहे. त्या घरांत कट-ऑफ, पर्सेंटाइल आणि "शर्माजींच्या मुलाला किती?" यांचा शिरकाव आजच्यासारखा झालेला नव्हता.

सरकारचंही थोडं. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. चारही मुख्यतः आजार पुरता वयात आल्यानंतरच्या सोयी. देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ साधारण पाऊण. उरलेला पाव डॉक्टर परदेशात असावा. मध्यंतरी काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी सरकारने मोठ्या हौसेने घेतली. मुलाचा कल कुठल्या शाखेकडे आहे ते कळलं. मुलगाच कलंडतोय का, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

काम करणारी माणसं इथेही आहेत. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ठाण्यात आनंद नाडकर्णी यांची संस्था १९९० पासून मनाच्या आजारांवर लोकांशी मराठीत बोलते आहे. २००४ साली सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'देवराई' आला, अतुल कुलकर्णींचं काम बघून आपण डोळे पुसले आणि बाहेर येऊन बटाटेवडा खाल्ला. सिनेमा दाखवतो तो आजार पुरता आलेल्या माणसाचं घर. त्या घराच्या दोन-तीन वर्षं आधीचं घर, म्हणजे जिथे अजून समिती बसलेली आहे ते, आपलं असू शकतं, हे तिकिटावर छापलेलं नव्हतं.

खर्चाचा मुद्दा निघतोच. शहरात थेरपिस्टच्या तासाला हजार रुपये म्हटल्यावर बाबांचे डोळे विस्फारतात. "नुसतं बोलायचे हजार?" क्लासवाल्यांनी नुसतं बोलायचे दोन वर्षांचे लाखो रुपये घेतलेले असतात, तेही शंभर पोरांना एकदम बोलून. तिथे चेक आगाऊ जातो. गावात तर थेरपिस्टच नाही, आणि ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण शाळेतल्या एका शिक्षिकेला, एका आशाताईला, नेमाने विचारायचं कसं आणि कुठली चिन्हं दिसली की पुढे पाठवायचं एवढं शिकवायला रॉकेट उडवावं लागत नाही.

म्हणून घरच्या समितीला शेवटची नोटीस. पोराची झोप उलटी झाली, मित्र तुटले, मार्क कोसळले, संशय वाढला, नसलेलं काही ऐकू-दिसू लागलं आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललं, तर बैठक बरखास्त करा. "काय ऐकू येतं?" हे न हसता, न घाबरता विचारा आणि उत्तर संपेपर्यंत तोंड मिटून ठेवा. वाद घालू नका, री ओढू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे न्या. कदाचित ते म्हणतील, काही नाही, महिन्याने पुन्हा या. मग महिन्याने पुन्हा जा. तो मरणाची भाषा बोलत असेल, किंवा आवाज त्याला स्वतःला वा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर महिना नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि कुठे जायचं हेच कळत नसेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी हेल्पलाइन चालू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून. फोन लावण्यासाठी पोर अमुक इतकं बिघडलेलं असावं, अशी अट तिथे नाही.